पूर ऐकवायचा कसा?

यंदाच्या अंकाचा विषय 'आवाज'. संपादकांच्या मनात जुन्या गायकांवर किंवा निवेदकांवर काहीतरी असावे. मी त्यांना दुसरेच सुचवले. पुण्यात काही मंडळी शाळकरी मुलांसाठी एक श्रुतिका तयार करत आहेत. अजून एक ओळही ध्वनिमुद्रित झालेली नाही, नुसती जुळवाजुळव चालली आहे. त्या जुळवाजुळवीवरच लिहितो, असे त्यांना म्हटले आणि मंडळींच्या बैठकींना जाऊन बसू लागलो.

गट छोटा आहे. दोन शिक्षिका, आकाशवाणीतून निवृत्त झालेले एक निर्माते, एक तरुण ध्वनिमुद्रक, इतिहासाच्या कागदपत्रांत रमणारा एक संशोधक आणि संहिता लिहिणारी लेखिका. आपापल्या नोकऱ्या सांभाळून ही मंडळी शनिवारी संध्याकाळी एका शिक्षिकेच्या घरी जमतात. श्रोते ठरलेले आहेत, दहा ते तेरा वर्षांची मुले. पंधरा मिनिटांचा एक असे सहा भाग. आधी एका सामुदायिक रेडिओ केंद्रावरून प्रसारण, मग शाळाशाळांतून ऐकवणे. विषय आहे पानशेतचा पूर.

बुधवार, १२ जुलै १९६१. आंबी नदीवरचे पानशेतचे मातीचे धरण पहिल्यांदाच पाणी अडवत होते आणि त्या पहिल्याच पावसाळ्यात ते फुटले. ते पाणी खाली खडकवासल्याच्या एकोणिसाव्या शतकातल्या दगडी धरणात शिरले आणि दुपारी तेही फुटले. पुण्यातल्या नदीकाठच्या पेठा, पुलाची वाडी, डेक्कन जिमखान्याचा मोठा भाग पाण्याखाली गेला. पूल बुडाले, हजारो संसार वाहून गेले. जुन्या पुणेकरांच्या बोलण्यात 'पुराच्या आधी' आणि 'पुरानंतर' अशी कालगणना अजून ऐकू येते. आजच्या मुलांना मात्र पानशेत ठाऊक आहे ते सहलीचे ठिकाण म्हणून.

न दिसण्याची गोष्ट

हा विषय दृश्याचा आहे, याचा लघुपट का करत नाही, असे मी पहिल्याच बैठकीत विचारले. निवृत्त निर्मात्यांनी उत्तरादाखल शंभर वर्षांपूर्वीचे उदाहरण दिले. जानेवारी १९२४ मध्ये बीबीसीने रिचर्ड ह्यूज यांचे एक छोटे नाटक प्रसारित केले. खास रेडिओसाठी लिहिलेले ते पहिले नाटक मानले जाते. ते घडते कोळशाच्या खाणीत, दिवे गेल्यानंतर. पात्रांना काही दिसत नाही आणि श्रोत्यांनाही नाही. "रेडिओला दिसत नाही ही त्याची उणीव म्हणून झाकायला गेलात की नाटक फसतं," ते म्हणाले. "न दिसण्याचीच गोष्ट निवडायची. पुराच्या रात्री पुण्यात कोणाला काय दिसत होतं?"

हे बोलणारा माणूस ज्या परंपरेत वाढला ती मोठी आहे. पुणे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले आणि दीडच वर्षात, १ एप्रिल १९५५ पासून, तिथून 'गीतरामायण' आठवड्याला एक गीत याप्रमाणे घरोघर पोहोचू लागले. व्यंकटेश माडगूळकरांनी याच केंद्रावर वर्षानुवर्षे काम केले. 'बालोद्यान' ऐकत पुण्यातल्या कित्येकांचे बालपण गेले. पुढे १९९१ पासून मानवाच्या उत्क्रांतीवरची शंभराहून अधिक भागांची विज्ञानमालिका आकाशवाणीने अठरा भाषांतून ऐकवली आणि तिच्यासाठी शाळकरी मुलांनी श्रोते म्हणून नावे नोंदवली होती. कोरोनात शाळा बंद पडल्या तेव्हा नागपूर आकाशवाणीवरून 'शाळेबाहेरची शाळा' भरत होती, हे तर अलीकडचेच.

तरीही मुलांसाठी नव्याने लिहिलेली, अनेक पात्रांची, पुरेशी तालीम करून बसवलेली श्रुतिका आज सहज कानावर पडत नाही. मुलांना ऐकायला मिळते ते बहुतेक एका गोड आवाजातले कथावाचन. त्याचे मोल आहेच. पण श्रुतिकेत मूल स्वतः जागा उभी करते. कोण दाराशी आहे, कोण माडीवर, कोण लांबून धावत येते आहे, हे त्याला कानाने ठरवावे लागते. ही कसरत मुलांकडून करून घेणे गरजेचे आहे असे मला मनापासून वाटते, आणि म्हणूनच या मंडळींच्या बैठकींना मी चिकाटीने जात राहिलो.

तासांची वही

सगळ्यात जास्त वेळ मी संशोधकाच्या वहीपाशी घालवला. साधी दोनशे पानी वही. ११ जुलैच्या संध्याकाळपासून १३ जुलैच्या रात्रीपर्यंत प्रत्येक तासाला एक पान. पानावर तीनच गोष्टी लिहायच्या: त्या तासाला पाणी कुठे होते, ही गोष्ट कोणाला ठाऊक होती आणि नारायण पेठेतल्या अकरा वर्षांच्या मुलीच्या कानावर काय पडू शकत होते. श्रुतिकेची नायिका हीच मुलगी. ती कल्पित आहे. तिच्या भोवतीचे काहीही कल्पित असू नये, असा या मंडळींचा आग्रह आहे. प्रत्येक नोंदीला एकमेकांशी संबंध नसलेले दोन आधार हवेत. वर्तमानपत्र, सरकारी अहवाल, छापील आठवण, प्रत्यक्ष मुलाखत, यांपैकी कोणतेही दोन. एकच आधार मिळाला तर नोंद पेन्सिलीने, आणि पेन्सिलीची नोंद संहितेत जात नाही.

मुलीच्या कानावर काय पडू शकत होते, ही तिसरी नोंद सगळ्यात अवघड. पुराच्या आठवणी सांगणारी माणसे नंतर कळलेले आधीच्यात मिसळून सांगतात, आणि ते स्वाभाविकही आहे. "सकाळी धरण फुटलं तेव्हा आम्ही चहा घेत होतो," असे एक आजोबा सांगत होते. संशोधकाने नम्रपणे विचारले, "धरण फुटलंय हे चहा घेताना ठाऊक होतं?" आजोबा थांबले. नाही, ते नंतर कळले. चहा घेताना रस्त्यावर गडबड ऐकू आली होती, एवढेच. वहीत तेवढेच गेले: रस्त्यावर गडबड. श्रुतिकेला नेमके हेच लागते. नायिकेला धरण फुटल्याचे आधीच ठाऊक असेल तर तिच्याबरोबर ऐकणाऱ्या मुलाला घाबरायला, अंदाज बांधायला, चुकायला जागाच उरत नाही.

गोष्टीचा सारांश एका शाळेत सहावीच्या वर्गाला सांगून पाहिला तेव्हा पहिला प्रश्न आला, "मग मेसेज आला नाही का?" हसण्यासारखा प्रश्न नाही तो. बातमी माणसाच्या पायांनी येत होती, सायकलवरून येत होती, गच्चीवरून गच्चीवर ओरडून येत होती, हे आजच्या मुलाला कोणी तरी ऐकवावेच लागेल. बातमीच्या पाठोपाठ अफवाही येत होती. मुलाखत दिलेल्या दोघातिघांनी स्वतंत्रपणे सांगितले की पाणी ओसरल्यावरही 'पाणी आलं, पाणी आलं' अशी हूल उठली आणि लोक पुन्हा जीव घेऊन पळाले. लेखिकेने पाचवा भाग त्या हुलीवर बेतला आहे. खऱ्या पुराला मुलगी जेवढी घाबरत नाही तेवढी ती या खोट्या पुराला घाबरते.

घरातला रेडिओही वहीत आहे. तेव्हाचा संच म्हणजे व्हॉल्व्हचा, विजेवर चालणारा, फळीवर भरतकामाचा रुमाल पांघरून ठेवलेला. लावला की तापायला वेळ घ्यायचा. त्याचा परवाना पोस्टात पैसे भरून काढावा लागे. ट्रान्झिस्टर नुकते येत होते, सगळ्यांच्या घरी पोहोचले नव्हते. पुरात वीज गेली आणि हे सगळे संच मुके झाले. म्हणजे रेडिओवरच्या या श्रुतिकेत तिसऱ्या भागाच्या मध्यावर रेडिओच बंद पडतो. त्यानंतर निवेदक नाही, संगीत नाही, सूचना नाही. जे काही कळते ते वाड्यातल्या माणसांच्या तोंडून आणि पाण्याच्या आवाजावरून. बैठकीत हे ठरले तेव्हा निर्माते उठून येरझाऱ्या घालू लागले. इतके दिवस शोधत होतो ते हेच, असे ते दोनदा म्हणाले.

मग कोणी तरी विचारले, रात्री चांदणे होते का? पंचांग आणि खगोलशास्त्राची कोष्टके काढली. १२ जुलैला अमावास्या होती. त्या वर्षी ज्येष्ठ अधिक आल्यामुळे आषाढ उशिरा, दुसऱ्या दिवशी लागणार होता. पालख्या पुण्याचा मुक्काम उरकून पंढरीच्या वाटेवर पुढे गेल्या होत्या. वीज नाही, चंद्र नाही, वर पावसाळी आभाळ. चौथा भाग संपूर्ण काळोखात घडतो. आधी लेखिकेने त्यात 'चांदण्यात पाणी चमकत होते' असे एक वाक्य घातले होते. पंचांग पाहिल्यावर ते गेले आणि त्या जागी मुलगी भिंतीला हात लावून जिन्याच्या पायऱ्या मोजते हा प्रसंग आला. संशोधनाने नाटकाला काय मिळते, याचे याहून चांगले उदाहरण माझ्यापाशी नाही.

बारीकसारीक गोष्टींना तर अंतच नाही. नाणी १९५७ पासून दशमान झाली होती, हिशेब 'नव्या पैशां'त होता, पण आजीच्या तोंडी आणेच असणार. वजने मापे बदलत होती, तरी दुकानात पावशेर मागणारी माणसे होती. स्वयंपाकघरात स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज, रस्त्यावर टांगा आणि सायकलच्या घंट्या. हे सारे मुद्दाम मिरवायचे नाही, असे लेखिका बजावते. आजीने 'चार आण्याची कोथिंबीर' म्हणावे आणि पुढे जावे. समजावून सांगायला थांबलात की मूल श्रुतिकेतून बाहेर पडते आणि धड्यात शिरते.

वाडा आणि वाडी

एका बैठकीत धाकट्या शिक्षिकेने वहीवर बोट ठेवून विचारले, "यात पुलाची वाडी कुठे आहे?" खोली गप्प झाली. पुराच्या छापील आठवणी शोधायला गेले की पेठांतल्या वाड्यांच्या भरपूर मिळतात. त्या लिहिणाऱ्यांच्या हाती लेखणी होती, छापणारे ओळखीचे होते. अगदी नदीच्या काठावर राहणाऱ्या, सगळ्यात आधी बुडालेल्या वस्त्यांतल्या आठवणी त्या मानाने फार कमी लिहिल्या गेल्या. त्या अजून माणसांच्या तोंडी आहेत.

त्यानंतर मुलाखतींचा रोख बदलला. पूरग्रस्तांसाठी वसवलेल्या गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहतींत ही मंडळी जाऊ लागली. तिथली एक आजी मला भेटली. पुराच्या वेळी ती नऊ-दहा वर्षांची, पुलाच्या वाडीत राहणारी. "पानी बघाया आम्ही पोरं काठाव गेलतो," ती म्हणाली. "दरसाल बघायचो तसंच. मंग बा आला पळत, त्यानं धाकटीला खांद्याव घेतली आन् मला म्हनला, मागं बघू नगंस." तिच्या बोलण्यातली ही चाल लेखिकेने जशीच्या तशी टिपून घेतली. आता श्रुतिकेत दुसरे मुख्य पात्र आहे ते वाडीतल्या एका मुलाचे. तो नायिकेच्या शाळेत नाही, तिच्या वाड्यात दूध घालायला येतो. पूर दोघांना एकाच गच्चीवर आणून बसवतो.

रेडिओवरच्या मराठीला एक सवय लागलेली आहे. गोष्ट सांगणारा, शहाणा, नायक, यांची भाषा प्रमाण, आणि विनोद करणारा असेल तर त्याची गावरान. या मंडळींनी लिहून ठेवले आहे की वाडीतल्या मुलाच्या भाषेवर कोणीही हसायचे नाही, आणि पाण्याविषयी सगळ्यात अचूक बोलेल तो हाच मुलगा. नदीकाठी वाढलेल्या पोराला पाणी चढते आहे की स्थिरावले आहे हे दगडावरच्या रेषेवरून कळते. वाड्यातल्या मुलीला ते त्याच्याकडून शिकावे लागेल. हा निर्णय मला सहाही भागांतला सर्वांत मोलाचा वाटतो.

पाण्याचा आवाज

ध्वनिमुद्रकाकडे तयार आवाजांचा साठा आहे. त्यात 'पूर' म्हणून जे आवाज मिळाले ते ऐकले तर बहुतेक समुद्राच्या लाटा. मुठा हा समुद्र नव्हे. म्हणून पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडले आणि भिडे पूल पाण्याखाली गेला, तेव्हा भल्या पहाटे तो काठावर सुरक्षित अंतर ठेवून उभा राहिला. मीही बरोबर होतो. कानाला एक खालच्या पट्टीतला, अखंड, छातीत जाणवणारा घुमार ऐकू येत होता. लाट नाही, उसळी नाही. उतारावरून प्रचंड काही तरी सरकत राहावे तसा.

तो आवाज घरी आणून मोबाइलवर लावला तर नुसती खरखर. कारण सोपे आहे. मोबाइलचा किंवा स्वस्त रेडिओचा इवलासा स्पीकर खालच्या पट्टीचे आवाज नीट देऊच शकत नाही. घुमार गळून पडतो, वरचा फसफसाट तेवढा उरतो आणि ऐकणाऱ्याला वाटते, केंद्र नीट लागलेले नाही. मुले हे सगळे मोठ्या ध्वनिवर्धकावर ऐकणार नाहीत. वर्गातल्या एका डबड्यावर किंवा आईच्या फोनवर ऐकणार. म्हणजे पूर ऐकवायचा तर पाण्याच्या आवाजावर विसंबून चालणार नाही.

उत्तर पुन्हा मुलाखतींतून आले. पाण्याचा आवाज कसा होता, असे विचारले की माणसे जरा वेळ विचार करतात आणि मग भलतेच सांगतात. वाहत आलेली भांडी एकमेकांवर आपटल्याचा आवाज. दावणीची जनावरे. मोकळ्या दाराची कडी पाण्याच्या हेलकाव्याने वाजत राहिलेली. आणि पाणी ओसरू लागल्यावर, जुन्या वाड्यांच्या मातीच्या भिंती भिजून खाली बसल्याचा आवाज. "मोठा नव्हता हो," एक काका म्हणाले. "मऊच होता. आणि त्याच्यामागून धुरळ्याऐवजी ओल्या मातीचा वास यायचा." हे सगळे लहान स्पीकरवरही स्वच्छ ऐकू येणारे आवाज आहेत.

मग निर्माते आपल्या काळातल्या युक्त्यांवर आले. सुपात तांदूळ हळूहळू फिरवला की पाऊस. पातळ पत्रा धरून हलवला की गडगडाट. नारळाच्या करवंट्या वाळूच्या ताटात आपटल्या की टांग्याचा घोडा. स्टुडिओत एक दार नुसते चौकटीसह उभे असायचे, त्याला निरनिराळ्या कड्या, खिट्या, अडसर. मातीच्या भिंतीसाठी मंडळींनी भिजवलेली पोती जिन्यावरून एकावर एक सोडून पाहिली. पितळेची भांडी मात्र खरीच लागतात, स्टीलचा आवाज १९६१ च्या स्वयंपाकघराला शोभत नाही. शिक्षिकेच्या सासूबाईंनी माळ्यावरचा हंडा, कळशी, परात काढून दिली आणि ती न्हाणीघरात पाण्यावर तरंगत ठेवून त्यांचे आवाज मुद्रित झाले. पूर येतो आहे हे श्रुतिकेत पहिल्यांदा कळते ते तळमजल्यावरच्या अंधाऱ्या खोलीत परात आपोआप हलून कळशीला लागते तेव्हा.

मुलांना किती सांगायचे

वाद झाला तो यावर. थोरल्या शिक्षिकेचे म्हणणे, दहा वर्षांच्या मुलापुढे मृत्यू आणू नये. लेखिकेचे म्हणणे, या पुरात माणसे गेली, ते गाळले तर आपण खोटे सांगतो आहोत आणि मुलांना खोटे ओळखता येते. दोघी आपल्या जागी खऱ्या होत्या. बराच खल होऊन असे ठरले: श्रुतिकेत एक माणूस जातो. मुलीला रोज गोळ्या देणारा किराणा दुकानदार. त्याचे जाणे ऐकू येत नाही, किंचाळी नाही, बुडतानाचा आवाज नाही. सहाव्या भागात मुलगी विचारते आणि तिचे वडील तिला सरळ सांगतात. आडपडदा नाही, 'देवाघरी' नाही. मग दोघे काही वेळ बोलत नाहीत. ती शांतता किती सेकंदांची ठेवायची, हे निर्माते तालमीत ठरवतील.

दुसरा नियम भागांच्या शेवटांविषयी. पुढच्या भागाची ओढ लागावी म्हणून कोणाचा तरी जीव टांगणीला लावून भाग संपवायचा नाही, कारण मूल तो भाग ऐकून झोपायला जाते. शेवट प्रश्नावर व्हावा, भीतीवर नाही.

आणि चूक कोणाची, हा प्रश्न मुले विचारतातच. त्याचे उत्तर टाळायचे नाही यावर सगळ्यांचे एकमत होते. धरणाचे काम पुरे व्हायचे होते, तरी त्या पावसाळ्यात पाणी अडवले गेले. मातीच्या बांधाच्या पोटातून पाणी सोडण्यासाठी काढलेला बोगदा लोखंडी सळ्या नसलेल्या काँक्रीटचा होता आणि त्याच्या दारांचे काम अपुरे होते. जोराच्या प्रवाहाने बोगद्याला हादरे बसत गेले, तो खचला, वरची माती बसत गेली आणि बांधाचा माथा खाली आला. मातीच्या धरणाच्या माथ्यावरून एकदा पाणी वाहू लागले की ते धरण टिकत नाही. आदल्या रात्री लष्कराचे जवान वाळूची पोती रचत राहिले. त्यांच्या श्रमामुळे फुटणे लांबले, पूर भर रात्री न येता दिवसा आला आणि त्यामुळे असंख्य जीव वाचले. पुढे चौकशीसाठी न्यायमूर्ती बावडेकर यांचा आयोग नेमला गेला आणि त्यांच्या निधनानंतर ते काम न्यायमूर्ती नाईक यांच्याकडे आले.

हे सारे अकरा वर्षांच्या मुलीच्या तोंडी कसे घालायचे? धाकट्या शिक्षिकेने वर्गात परातीत मातीचा बांध घालून दाखवला. बांध निम्म्यापर्यंत पाणी सुखाने धरून राहिला. मग तिने बोटाने माथा एका ठिकाणी थोडासा दाबला. पाण्याची बारीक धार माथ्यावरून निघाली आणि मुलांनी 'अरे अरे' म्हणेपर्यंत मधला सगळा बांध गेला होता. शेवटच्या भागात वाडीतला मुलगा गाळात नेमके हेच करून नायिकेला दाखवतो. जवानांचा प्रसंग मात्र थेट नाही. मुलगी तिथे नव्हती. पूर ओसरल्यावर गच्चीवर आलेल्या एका शेजाऱ्याकडून ती तो ऐकते.

आवाज कुणाचे

दहा-बारा वर्षांपर्यंत मुलगा आणि मुलगी यांचे आवाज कानाला फारसे वेगळे लागत नाहीत. रंगमंचावर ही अडचण नसते, माइकसमोर मोठी असते. जुन्या काळी रेडिओवर मुलग्यांची कामे पुष्कळदा मोठ्या बायका करत. या मंडळींना खरी मुलेच हवी आहेत, म्हणून वेगळेपण बोलण्यातून आणायचे आहे. वाड्यातली मुलगी लांब वाक्ये बोलते, मध्येच अडखळते. वाडीतला मुलगा तुटक बोलतो आणि बोलण्याआधी चुटकी वाजवतो. एका प्रसंगात चारांपेक्षा जास्त आवाज नाहीत, आणि नवा आवाज आला की पहिल्या दोन वाक्यांत कोणी तरी त्याला नावाने हाक मारते.

बालकलाकारांसाठी कायद्याची चौकट आहे आणि ती आधीच पाहून ठेवली आहे. मुलाकडून दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, सलग तीन तासांवर नाही. पालकांची संमती लागते, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि मुलाच्या मानधनातला किमान वीस टक्के भाग त्याच्या नावे मुदत ठेवीत जातो. ध्वनिमुद्रण मे महिन्याच्या सुटीत, सकाळच्या वेळी, असे ठरले आहे.

सामुदायिक केंद्राच्या प्रक्षेपणाची ताकद साधारणपणे शंभर वॅटपर्यंतच असते, आवाज काही किलोमीटरच जातो. पण त्याच वर्तुळात त्या पुराच्या जागा आहेत. नारायण पेठेत राहणारे मूल ही श्रुतिका ऐकून खाली उतरेल तर तोच रस्ता त्याच्यासमोर असेल. निम्मा तरी कार्यक्रम स्थानिक असावा असा अशा केंद्रांना नियमच आहे. यापेक्षा स्थानिक काय असणार!

पहिल्या भागाचा कच्चा मसुदा सहावीच्या वर्गात नुसता वाचून दाखवला गेला. शिक्षिका वाचत होती, बाकीचे मागे बसून मुलांकडे पाहत होते. संथ प्रसंग आला की मुले कंटाळतील, अशी सगळ्यांची धास्ती होती. आजी वाती वळते आणि पावसाविषयी बोलते तो प्रसंग मुलांनी मन लावून ऐकला. चुळबुळ झाली ती वाड्यातल्या सात बिऱ्हाडांची ओळख करून देताना. आता बिऱ्हाडे तीन आहेत. 'पानशेत' हे नाव पहिल्या भागात एकदाच येते, वडिलांच्या बोलण्यात, सहज. मुलगी तिकडे लक्ष देत नाही. मुले मात्र तेवढ्यावर कान टवकारतात, कारण त्यांना विषय ठाऊक आहे. नायिकेला ठाऊक नाही आणि आपल्याला आहे, ही जाणीवच त्यांना पुढचा भाग ऐकायला लावेल.

संहितेचे चार भाग लिहून झाले आहेत. पाचव्या आणि सहाव्यासाठी अजून आठवणी हव्या आहेत, विशेषतः नदीकाठच्या वस्त्यांतल्या, सोमवार-मंगळवार पेठेतल्या, आणि पानशेत-खडकवासल्याच्या बाजूच्या गावांतल्या. तेव्हा दहा वर्षांचे असलेले मूल आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. त्यांची आठवण आणखी किती दिवस कानावर पडेल याची हमी नाही.

म्हणून वाचकांना विनंती. या दिवाळीत घरी जमाल तेव्हा आजी-आजोबांना, मामा-मावशीला पुराविषयी विचारा. पानशेत नसेल तर तुमच्या गावचा पूर, तुमच्याकडचा भूकंप, तुमचा दुष्काळ. 'काय झालं' असे न विचारता 'पहिल्यांदा काय ऐकू आलं' असे विचारा. कोण ओरडले, काय शब्दांत ओरडले, मग काय वाजत राहिले, शांत कधी झाले. ते ज्या बोलीत सांगतील त्याच बोलीत सांगू द्या, मध्ये दुरुस्ती करू नका. फोनवरचे ध्वनिमुद्रण पुरेसे असते. फक्त खोलीतला पंखा आणि टीव्ही तेवढा बंद करा.